चढ चारचा, उतार सहाचा: दोन ट्रॉल्यांच्या ऊस-ट्रॅक्टरचं एक प्रकरण

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात, पन्हाळा-शाहूवाडीकडे, ऊस आता नदीकाठच्या रानांपुरता राहिलेला नाही. उपसा सिंचनाच्या योजनांनी पाणी टेकडीवर चढवलं, पाण्यामागून ऊस गेला आणि उसामागून ट्रॅक्टर. शिरोळ-हातकणंगल्याच्या सपाटीवर एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडायची जी पद्धत रुळली, ती तशीच उचलून या चढउताराच्या रस्त्यांवर आली. ट्रॅक्टर तोच, ट्रॉल्या त्याच, माल भरायची सवयही तीच. बदलला तो फक्त रस्ता.

याच भागातल्या एका वाहतूकदाराच्या ट्रॅक्टरचा फेब्रुवारी महिन्यात, ऐन गाळप हंगामात अपघात झाला. जीव कुणाचा गेला नाही. चालकाचं मनगट मोडलं, मागची ट्रॉली चरात आडवी झाली आणि नऊ-साडेनऊ टन ऊस रस्त्यावर पसरला. माझं काम ट्रॅक्टर आणि शेती अवजारांचं, म्हणून मालकाने बघायला बोलावलं. गावाचं आणि कारखान्याचं नाव इथे देत नाही. असा उतार त्या पट्ट्यात गावोगावी आहे.

काय घडलं

ट्रॅक्टर ५० एचपीचा, टू व्हील ड्राइव्ह, आठ पुढचे गिअर. मागे चारचाकी दोन ट्रॉल्या. रानातून निघाल्यावर पहिले दोन किलोमीटर हळूहळू चढ, मग खिंडीसारखी सपाट जागा, आणि तिथून अडीचशे मीटरचा उतार. उताराच्या तळाला मोरी आणि लगेच वळण. संध्याकाळची वेळ होती.

खिंडीत पोचेपर्यंत सगळं ठीक होतं. चढाला ट्रॅक्टर कण्हत होता, पण मागची चाकं धरून होती. सपाटी लागल्यावर चालकाने गिअर वाढवला आणि त्याच गिअरात उताराला लागला. पन्नासेक मीटर गेल्यावर मागून रेटा जाणवला, म्हणून खालचा गिअर टाकायला त्याने क्लच दाबला. गिअर पडला नाही. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या. त्याने ब्रेक दाबला. पुढचं त्याच्याच शब्दांत: "ब्रेक लागला हो, चाकं थांबली, पण गाडी थांबली नाही. ट्रॅक्टर उजवीकडं फिरला आणि पैली ट्रॉली माझ्या बाजूला आली."

ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली यांची घडी पडली, आणि दुसरी ट्रॉली मागून ढकलत येऊन डावीकडच्या चरात उलटली. पाठीमागून मोटारसायकलवर येणारा मालकाचा पुतण्या वरून ओरडत होता, पण टेपच्या आवाजात चालकाला काही ऐकू गेलं नाही. ट्रॅक्टरवरच्या त्या मोठ्या स्पीकरांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मागचं काही ऐकू येत नसेल तर मागचं अर्धं वाहन चालकाच्या ताब्यात नाही.

गावात लगेच दोन निकाल लागले. एक, ब्रेक निकामी झाले. दोन, चालकाने न्यूट्रल मारला. डिझेल वाचवायला उताराला न्यूट्रल मारणारे चालक असतात, त्यामुळे दुसरा निकाल सगळ्यांना पटला. मालकही त्याला म्हणाला, "तुला किती वेळा सांगितलं होतं." चालक गप्प बसला. तो मराठवाड्यातून हंगामापुरता आलेला माणूस, त्याच्या बाजूने बोलणारं तिथे कुणी नव्हतं.

ब्रेक उघडून पाहिले. तेलातले डिस्क ब्रेक होते आणि झीज मर्यादेत होती. ब्रेक निकामी नव्हते. न्यूट्रलही त्याने मारला नव्हता, गिअर टाकताना तो हुकला होता. तेव्हा खरं कारण शोधायला वजनांकडे जावं लागलं.

काट्यावरचा हिशोब

कारखान्याच्या वजनकाट्यावर हे काम अर्ध्या तासात होतं, आणि ज्याच्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉली आहे त्याने एकदा तरी करावं. आधी अख्खा ट्रॅक्टर काट्यावर घ्यायचा. मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून पुढची बाहेर ठेवायची. म्हणजे मागच्या चाकांवर किती वजन पडतं ते कळतं.

मागच्या टायरमध्ये पाणी भरलेलं, पुढे बंपरला वजनं लावलेली आणि सीटवर माणूस, असा ट्रॅक्टर २.७५ टन भरला. त्यातले १.७५ टन मागच्या चाकांवर. दोन रिकाम्या ट्रॉल्या मिळून ३.६ टन. दोन्ही ट्रॉल्यांतला ऊस दुसऱ्या गाड्यांत भरून नेला, तो १९ टन निघाला. सगळी बेरीज २५.३ टन. म्हणजे पावणेतीन टनांचा ट्रॅक्टर आपल्या आठपट वजन ओढत होता.

उतार मोजायला गवंड्याची पाण्याची नळी वापरली. चढाच्या बाजूला शंभर मीटरला चार मीटर उंची वाढते. उताराच्या बाजूला शंभर मीटरला सहा मीटर कमी होते. डोळ्यांना हा फरक कळत नाही, कारण उताराची बाजू आखूड आणि सरळ आहे, तर चढ लांबलचक आणि वळणावळणाचा. गावात विचारलं तर सगळे म्हणतील की चढच मोठा आहे.

सहाच्या उतारावर २५.३ टनांचं वाहन स्वतःच्या वजनाने साधारण दीड टनाच्या जोराने खाली ओढलं जातं. डांबरी रस्त्यावर चाकं फिरताना जो विरोध होतो तो वजनाच्या दोन टक्के धरला तर अर्धा टन त्यात वजा. उरला एक टन. हा एक टन कुणीतरी धरून ठेवायचा असतो, तो धरला नाही तर वेग वाढत जातो. आणि वाढतो किती? दर सेकंदाला ताशी सुमारे दीड किलोमीटर. दहा सेकंदांत ताशी १४ किलोमीटरची भर. पंधराच्या वेगाने चाललेला ट्रॅक्टर तेवढ्यात तिशीच्या घरात जातो.

धरणारं कोण? ट्रॉल्यांना ब्रेक नव्हते. ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्याच दोन चाकांना असतात. म्हणजे पूर्ण २५ टनांना धरून ठेवायला रस्त्याला टेकलेले रबराचे दोन तुकडे. त्यांची पकड त्यांच्यावरच्या वजनाइतकीच मर्यादित. आणि ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं, शिवाय ट्रॉली हूकपाशी पुढे रेटते, त्यामुळे मागची चाकं हलकी होतात. १.७५ टनांचे दीड टन राहतात. कोरड्या, स्वच्छ डांबरावर पकड वजनाच्या ७० टक्के धरली तर १.०५ टनाचा जोर मिळतो.

लागणार एक टन, मिळणार १.०५ टन. हे झालं रस्ता स्वच्छ असताना. हंगामात त्या रस्त्यावर उसाचं पाचट, चिरडलेली कांडकी, ट्रॉल्यांतून सांडलेली माती यांचा थर असतो. त्यावर पकड वजनाच्या निम्म्यावर आली तर जोर पाऊण टन. चाकं थांबतात, गाडी थांबत नाही. चालक अक्षरशः तेच सांगत होता.

खालच्या गिअरात असता तर? हा प्रश्न मला प्रत्येकाने विचारला, आणि उत्तर लोकांना आवडत नाही. इंजिनाचा ब्रेक (खालच्या गिअरात इंजिनच चाकांचा वेग धरून ठेवतं तो) लागतो तोही त्याच दोन मागच्या चाकांतून. गिअरमुळे ब्रेक तापत नाहीत, वेग आधीपासून कमी राहतो, चालकाला वेळ मिळतो, आणि हे सगळं फार मोलाचं आहे. पण टायरची रस्त्यावरची पकड गिअर टाकून वाढत नाही. पाचटावर चाक घसरणार असेल तर ते ब्रेकने घसरेल तसं इंजिनानेही घसरेल. फोर व्हील ड्राइव्ह असता तर पुढची चाकंही इंजिनाच्या ब्रेकमध्ये सामील झाली असती आणि ट्रॅक्टरचं जवळजवळ सगळं वजन कामाला आलं असतं. टू व्हील ड्राइव्हला ती सोय नाही.

आता त्या दिवशीची दुसरी गोष्ट. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. रानात बांधाला वळताना एकाच बाजूचा ब्रेक दाबून जागेवर वळता यावं म्हणून. रस्त्याला लागताना ती दोन्ही पेडलं लॅचने जोडायची असतात. त्या दिवशी जोडलेली नव्हती. लॅच होता, पण गंजून बसला होता. रानातून माल काढताना पेडलं सुटी लागतात, दिवसभर रान-रस्ता-रान असं चालतं, आणि लॅच लावायचा राहतो. ऐनवेळी पाय उजव्या पेडलवर जास्त पडला, उजवं चाक थांबलं, डावं फिरत राहिलं. एक टनाच्या रेट्यासमोर एकाच चाकाची पकड, म्हणजे अर्धाच टन. तेवढ्याने गाडी थांबणं शक्यच नव्हतं, ती फक्त फिरणार होती. मागच्या २२ टनांनी त्या फिरलेल्या ट्रॅक्टरला तसाच आडवा ढकलला.

चढाने दिलेला खोटा भरवसा

मालकाचं म्हणणं असं होतं: "हीच गाडी, एवढाच माल, दोन वर्षं चालवतोय. चढ चढते म्हणजे गाडीत ताकद आहे."

त्याचं म्हणणं समजून घेण्यासारखं आहे. भरलेला ट्रॅक्टर चढाला लागला की पुढचं हलकं होतं. हूकपाशी मागे ओढ बसते, तशी पुढच्या चाकांवरचं वजन उचलून मागच्या चाकांवर जातं. पुढचं हलकं झालं की स्टेअरिंग लागत नाही, हे चालकाला लगेच कळतं, म्हणून बंपरला वजनं लावतात, काही जण तर माणसं बसवतात (ते कधीही करू नये, ती माणसं चाकापुढेच पडतात). मागचं चाक फिरायला लागलं की टायरमध्ये पाणी भरतात. या मालकाने हे दोन्ही केलं होतं, आणि पैसे खर्च करून नीट केलं होतं. चढाचा त्रास दिसतो, म्हणून चढावर खर्च होतो.

आणि चढावर चूक झाली तर काय होतं? चाक जागेवर फिरतं, गाडी उभी राहते. फार तर दुसरा ट्रॅक्टर बोलावून पुढे जोडावा लागतो. उतारावर तीच चूक झाली तर गाडी हातची सुटते.

या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. हिशोब करून पाहिलं तर हा ट्रॅक्टर एवढा माल घेऊन सहाचा चढ चढूच शकत नाही. त्याला दोन टनांचा ओढा लागेल, आणि मागच्या चाकांची पकड वजन मागे सरकूनही दीड-पावणेदोन टनांपुढे जात नाही. म्हणजे रानं खिंडीच्या पलीकडे आणि कारखाना अलीकडे असता, तर पहिल्याच खेपेला ट्रॅक्टर त्या चढावर अडला असता. मालकाने मुकाट्याने माल कमी केला असता किंवा एक ट्रॉली सोडली असती. पण भरलेली गाडी रोज चारच्या बाजूने चढते आणि सहाच्या बाजूने उतरते. सहाची बाजू ती चढते ती रिकामी होऊन परतताना. दोन वर्षांत त्या उताराची आणि भरलेल्या गाडीची खरी परीक्षा कधी झालीच नाही. रोज थोडक्यात सुटका होत होती आणि ती ताकद समजली जात होती.

म्हणून नवीन रस्त्याला लागताना प्रश्न असा विचारावा: हा उतार या मालासकट मला उलट चढता येईल का? नाही असं उत्तर आलं, तर त्या मालासकट उतरायचंही नाही. चढता येतो म्हणजे ब्रेक लावून थांबताही येईल अशी खात्री त्यातून मिळत नाही, थांबायला नुसतं धरून ठेवण्यापेक्षा जास्त जोर लागतो. पण चढताच येत नाही अशा उतारावर चर्चेला जागाच उरत नाही.

माल कमी का होत नाही

वाहतुकीचा दर टनावर आणि अंतरावर. ट्रॅक्टरचा हप्ता ठरलेला. ऊसतोड टोळीच्या मुकादमाला हंगामाआधी लाखांत उचल (आगाऊ रक्कम) दिलेली असते, आणि ती वसूल व्हायची तर खेपा भरून निघायला हव्यात. उचल घेऊन टोळी आलीच नाही, म्हणून कर्जात गेलेले वाहतूकदार त्या भागात बरेच आहेत. कारखान्याच्या आवारात काट्यासाठी आणि गव्हाणीसाठी (जिथे ऊस गाळपाला टाकतात) नंबर लावून तासन्‌तास थांबावं लागतं, मग एवढं थांबायचंच आहे तर गाडी भरूनच न्यावी असा विचार होतो. भरणारे मजूरही एकदा शिडी लावली की ट्रॉली वरपर्यंत भरूनच थांबतात. या साखळीतल्या एकालाही उतार दिसत नसतो. तो दिसतो फक्त चालकाला, आणि माल किती भरायचा हे त्याला कुणी विचारत नाही.

कायद्यात जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. त्या खिंडीत तो वसूल करायला कुणी उभं नसतं. विमा कंपनीच्या माणसाने मात्र पहिला प्रश्न वजनाचाच विचारला, आणि तिथून पुढे मालकाचं ऐकणं बदललं.

काय बदललं

सगळ्यांत आधी, खिंडीतून एका वेळी एकच ट्रॉली. दुसरी ट्रॉली वरच्या सपाट जागेवर चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावून सोडायची, पहिली मोरीच्या पुढे सपाटीवर नेऊन ठेवायची, परत वर येऊन दुसरी आणायची आणि मग दोन्ही जोडून कारखान्याला जायचं. एका ट्रॉलीला एकूण वजन १४ टन. धरून ठेवायचा जोर साधारण ०.५६ टन. पाचटावर मिळणारा पाऊण टन त्याला पुरतो. खेपेला अर्धा तास जास्त जातो आणि थोडं डिझेल. मालक सुरुवातीला तयार नव्हता. एक ट्रॉली उलटल्यावर क्रेन, चाकांचं काम आणि वाया गेलेले दिवस यांचा खर्च वहीत मांडल्यावर तयार झाला.

दुसरं काम हूक आणि पिनचं. दुसऱ्या ट्रॉलीची पिन काढून हातात घेतली तेव्हा मधोमध कंबर पडली होती. मूळ ३० मिलिमीटरची पिन झिजून २४ वर आलेली, दांडीचं भोक लांबट झालेलं, आणि खालून लॉकच्या जागी बांधणीची तार पिळलेली. त्या दिवशी ती तुटली नाही हे नशीब. भरल्या ट्रॉलीची पिन चढावर निघाली असती तर मागची ट्रॉली एकटीच मागे धावली असती, आणि मागे पुतण्याची मोटारसायकल होती. आता नवीन पिन, तिला नीट लॉक, आणि प्रत्येक जोडाला वेगळी साखळी. साखळी दांडीखालून फुलीसारखी घ्यायची, म्हणजे पिन निघाली तरी दांडी रस्त्यात रुतत नाही. हूकही शक्य तितका खाली घेतला. हूक उंच असेल तर चढाला पुढचं जास्त उचलतं आणि उताराला मागचं जास्त हलकं होतं, दोन्हीकडून तोटा.

पेडलांचा लॅच सोडवून ग्रीस केला. ट्रॉलीचं फाळकं (मागची फळी) लावलं की लॅच लावायचा, असा क्रम चालकाने स्वतःच बसवला. खिंडीतल्या सपाट जागेवर पूर्ण थांबायचं, लो मधला (हळू चालीचा) गिअर टाकायचा आणि मोरी पार होईपर्यंत क्लचला पाय लावायचा नाही. ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स धावत्या गाडीत खालचा गिअर सहज घेत नाही, आणि क्लच दाबला त्या क्षणी इंजिनाचा ब्रेक संपतो. त्यामुळे गिअरचा निर्णय उतार लागण्याआधीच झाला पाहिजे.

मागचे दिवे आणि रिफ्लेक्टरही बदलले. उसाची टोकं बाहेर लोंबली की दिवे झाकले जातात, म्हणून रिफ्लेक्टरची पट्टी आता फाळक्याच्या खालच्या पट्टीवर आणि चॅसिसच्या दोन्ही टोकांना आहे.

खरा उपाय ट्रॉलीलाच ब्रेक देण्याचा आहे. भरलेल्या ट्रॉलीच्या एका अॅक्सलवर साडेपाच टनांच्या आसपास वजन असतं. त्या एका अॅक्सलला ब्रेक असेल आणि पाचटामुळे पकड वजनाच्या निम्मीच मिळाली, तरी पावणेतीन टनांचा जोर तयार होतो. ट्रॅक्टरची मागची चाकं देतात त्याच्या तिप्पटीहून जास्त. शिवाय ब्रेक मागून लागतो, म्हणजे ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलण्याऐवजी मागे धरते, आणि घडी पडण्याचं कारणच बरंचसं जातं. ट्रॅक्टरला कॉम्प्रेसर लावून ट्रॉलीला एअर ब्रेक देता येतो. ट्रॉलीने पुढे रेटलं की दांडीच सरकून ब्रेक ओढते, अशीही यंत्रणा असते, पण मागे घेताना ती आपोआप लागते आणि कारखान्याच्या आवारात दिवसातून कित्येकदा मागे घ्यावं लागतं. म्हणून मी एअर ब्रेकचा आग्रह धरला. दोन्ही ट्रॉल्यांना एकदम जमत नसेल तर आधी मागच्या ट्रॉलीला द्यावा असं माझं मत आहे, म्हणजे सगळी रांग मागून ताणलेली राहते. मात्र मागच्या ट्रॉलीपर्यंत हवा न्यायची तर नळी पुढच्या ट्रॉलीच्या चॅसिसखालून बांधून न्यावी लागते आणि ती पाचटात अडकून तुटू नये म्हणून पाइपात घालावी लागते.

मालकाने मागच्या ट्रॉलीचं काम दिवाळीआधी, हंगाम सुरू होण्यापूर्वी करून घ्यायचं ठरवलं आहे. चालकाला त्याने परत बोलावलंय. चालकाने येताना एकच अट घातली: खिंडीत एक ट्रॉली सोडायची की नाही, हे तो ठरवणार, आणि त्या दिवशीची खेप कमी झाली तर पगारातून कापायचं नाही. मालकाने ती मान्य केली.